बाळंतपणाला रोमची परवानगी
(आरोग्याच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय 'आशियातलं कॅथलिक सिस्टर्सचं काम' असा कळवला, तेव्हा आपल्यातल्या दोघी-तिघींच्या कपाळावर आठ्या आल्या हे मला समजलंय. एकीने तर फोनवरच विचारलं, "ताई, तुम्ही सेवेचं कौतुक करणार का? आपण तर हक्काचं बोलतो." प्रश्न रास्त आहे. सेवा हा शब्द बायकांच्या गळ्यात इतकी वर्षं बांधलाय, की तो ऐकला तरी मान अवघडते. म्हणून मी कौतुकाने सुरुवात करत नाही, माझ्या अडाणीपणाने करते.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. त्या एकतीस वर्षांत मला नावाने हाक मारणारे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळ्यांची मी 'सिस्टर'. "सिस्टर, सलाईन संपलं." "सिस्टर, पोरगं हगलं." हा शब्द आला कुठून, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. दवाखान्यात आजाऱ्याची उठाठेव करणाऱ्या बायका कित्येक शतकं नन होत्या, त्यांना सिस्टर म्हणत, आणि तो शब्द आम्हा सगळ्या हिंदू, बौद्ध, मुसलमान नर्सेसना चिकटला. हे मला सांगितलं आमच्या मिडवायफरीच्या ट्यूटरनी. माझं ट्रेनिंग एका मिशन हॉस्पिटलात झालं आणि या बाई स्वतः नन होत्या, केरळच्या. अंगाने काटकुळ्या, हात मात्र असा की आडवं मूल पोटावरून चाचपून डोळे मिटून सांगायच्या, डोकं कुठे, पाठ कुठे. एकदा रात्रपाळीला वार अडकलेली एक बाई वाचली. पहाटे चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, "हे काम करायला आम्हाला रोमची परवानगी लागली, माहीत आहे? माझ्या जन्माच्या थोडं आधी मिळाली."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. थट्टा नव्हती. आज मी तेवढीच गोष्ट सांगणार आहे. शाळा, अनाथाश्रम, मदर तेरेसा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

गोष्ट अशी की, ११ फेब्रुवारी १९३६ पर्यंत कॅथलिक चर्चमध्ये व्रतस्थ बाईने पूर्ण अर्थाने डॉक्टरकी करायची नाही असा दंडक होता. शस्त्रक्रिया नको, आणि बाळंतपण तर नकोच नको. आजाऱ्याला पेज भरवा, जखम धुवा, मरणाऱ्याजवळ प्रार्थना म्हणा, त्याला कोणाची ना नव्हती. याचं मूळ खूप जुनं. १२१५ साली लॅटरनच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना चिरण्या-डागण्याची मनाई केली. पुढे १९१७ साली चर्चचा कायदा एकत्र बांधला गेला, त्यात पोपच्या खास परवानगीशिवाय धर्मगुरूंनी वैद्यकी करू नये असं लिहिलं गेलं आणि तेच व्रतस्थ स्त्री-पुरुषांना लागू झालं. बाळंतपणाबद्दलचं कारण मात्र वेगळं होतं. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईने त्या खोलीत पाऊल टाकणं शोभत नाही, असं मानत.

आता तुम्ही हसताय. हसू नका. ही खोली आपल्या ओळखीची आहे. घरातली सगळ्यात अंधारी, सगळ्यात मागची, दारात विस्तवाचं खापर ठेवलेली. सोवळ्यातल्यांनी तिकडे फिरकायचं नाही. नाळ कापायला आणि घाण काढायला कोण यायचं, कुठल्या जातीची बाई यायची, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. एकीकडे मातृत्वाचे गोडवे आणि दुसरीकडे बाळंतिणीच्या रक्ताचा विटाळ. आपल्याकडे त्याला विटाळ म्हणत, तिकडे अशोभनीय म्हणत. शब्द सभ्य होता एवढंच.

हा दंडक मोडण्याची खटपट सुरू झाली ती आपल्याच उपखंडात, रावळपिंडीत. आणि ती सुरू करणारी बाई नन नव्हती. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन, स्कॉटलंडची, १८३७ चा जन्म. एडिंबरोच्या एका खासदाराची मुलगी, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली. हे एडिंबरो गाव तुम्ही लक्षात ठेवा, कारण त्याचा मुंबईशी संबंध आहे. १८६९ साली तिथल्या विद्यापीठात सात मुली डॉक्टरी शिकायला शिरल्या. पुढच्या वर्षी परीक्षेला जाताना त्यांच्यावर चिखल फेकला गेला, आणि शेवटी विद्यापीठाने पदवी नाकारलीच. त्या सातांतली एक एडिथ पीची. ती १८८३ मध्ये मुंबईला आली आणि कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. आपल्या रखमाबाईंना लंडनला डॉक्टर व्हायला पाठवण्यात जिचा मोठा वाटा, तीच ही. त्या सातांची पुढारी सोफिया जेक्स-ब्लेक ही अ‍ॅग्नेसची मैत्रीण, आणि रखमाबाई शिकल्या ते लंडनचं मेडिकल स्कूल सोफियानेच सुरू केलेलं. म्हणजे आपल्या रखमाबाई आणि रावळपिंडीचं ते हॉस्पिटल, दोन्हींचा धागा एकाच चिखलफेकीपर्यंत जातो. इतिहासाची पुस्तकं हे वेगवेगळ्या धड्यांत घालतात.

अ‍ॅग्नेसला घरच्या गावी पदवी मिळेना, म्हणून ती फ्रान्सला माँपेलिएला गेली आणि १८७८ साली डॉक्टर झाली. साठी उलटल्यावर कॅथलिक झाली. मग तिला कळलं की उत्तर हिंदुस्थानात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत. पडद्याआडून मनगट बाहेर काढायचं, त्यावरून डॉक्टरने काय ते ओळखायचं. प्रॉटेस्टंट मिशनांकडे तोवर बायका डॉक्टर होत्या. कॅथलिकांकडे सिस्टर्स ढीगभर, पण त्यांचे हात बांधलेले. बाहत्तराव्या वर्षी, १९०९ मध्ये, ही बाई रावळपिंडीला आली आणि बायका-मुलांसाठी सेंट कॅथरीन्स हे छोटं हॉस्पिटल उभं करून गेली. नर्सिंगला फ्रान्सिस्कन सिस्टर्स होत्या, पण डॉक्टर म्हणून नन मिळणं शक्यच नव्हतं आणि नन नसलेली डॉक्टर टिकेना. कोणी वर्षभर राहायची, कोणी लग्न करून जायची. रोमला ती पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली. उत्तर नाही. १९१३ साली वारली.

तिच्या एका पत्रकाने मात्र काम केलं. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातली अ‍ॅना डेंगेल, लहानपणीच आई गेलेली मुलगी, तिच्या हातात ते पडलं. तिने अ‍ॅग्नेसला पत्र लिहिलं, उत्तर आलं, दोघींची भेट मात्र कधीच झाली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टरी करायची तर ब्रिटिश पदवी हवी, म्हणून ती आयर्लंडमध्ये कॉर्कला शिकायला गेली. मधे पहिलं महायुद्ध, ही शत्रुराष्ट्राची नागरिक, खिसा रिकामा. १९१९ साली पदवी, १९२० साली रावळपिंडी.

तिथे ती एकटी डॉक्टर. बाई यायची ती तीन-तीन दिवस कळा देऊन थकल्यावर, दाईने सगळे उपाय केल्यावर. डोलीत नाहीतर टांग्यात, पडद्यात गुंडाळलेली. आपल्यातल्या ज्यांनी वाड्या-पाड्यांवर काम केलंय त्यांना 'उशिरा आणली' या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. मी स्वतः तो केसपेपरवर किती वेळा लिहिलाय. लिहिताना नेहमी वाटायचं, 'आणली' असं का लिहितो आपण? ती आली नाही का? पण खरंच ती आलेली नसते, तिला कोणीतरी आणायचं ठरवावं लागतं. तेव्हाच्या रावळपिंडीत तर ठरवणारा पुरुष, नेणारा पुरुष, आणि दवाखान्यात दार उघडणारी बाई असली तरच 'बरं, ने' म्हणणारा पुरुष. अ‍ॅनाला वाटलं असेल ते मी माझ्या शब्दांत सांगते: रोग कमी मारतोय, ही वाट जास्त मारतेय.

चार वर्षांत ती पार थकली. तिला नन व्हायचं होतं, पण नन झाली की स्टेथोस्कोप ठेवून द्यायचा. डॉक्टर राहायचं तर व्रत विसरायचं. दोन्हींतलं एक निवड, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. बाईला हे 'एक निवड' फार ऐकावं लागतं, नाही? तिने निवडलं नाही. १९२४ मध्ये अमेरिकेला गेली, गावोगाव भाषणं करून पैसे गोळा केले, आणि ३० सप्टेंबर १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये चौघीजणींनी एक संघ सुरू केला, मेडिकल मिशन सिस्टर्स. दोन डॉक्टर, दोन नर्स. नियमाने त्यांना जाहीर व्रतं घेता येत नव्हती, तर त्यांनी व्रतांशिवाय व्रतस्थासारखं राहायचं ठरवलं. गणवेश घातला, एकत्र राहिल्या, पगार एकत्र ठेवला, आणि बाळंतपणं केली. कायद्याने त्या नन नव्हत्या, त्यामुळे कायदा मोडला असंही म्हणता येईना. मला ही युक्ती फार आवडते. भांडण न करता दाराशी सतरंजी टाकून बसायचं. १९२७ साली त्यांनी रावळपिंडीत होली फॅमिली हॉस्पिटल काढलं. आज ते तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे.

त्याच १९२० साली दुसऱ्या टोकाला, आंध्रात गुंटूरला, मेरी ग्लोरी नावाची ऑस्ट्रेलियन डॉक्टर आली. मेलबर्नमध्ये चांगली प्रॅक्टिस होती. तिच्याही हातात आलं ते अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेनवरचंच पत्रक! पत्रकं वाया जातात असं आपण छापताना दर वेळी म्हणतो, म्हणून सांगितलं. ती एका डच संघात नन झाली आणि तिला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्याकडून डॉक्टरी करायची खास परवानगी मिळाली. एकटीला, अपवाद म्हणून. सदतीस वर्षं ती इथे राहिली. तिथल्याच मुलींना तिने कंपाउंडर, सुईण, नर्स बनवलं. १९४३ साली गुंटूरलाच तिच्या पुढाकाराने सिस्टर्सनी मिळून कॅथलिक रुग्णालयांची संघटना बांधली. आज तिच्यात साडेतीन हजारांवर दवाखाने आणि संस्था आहेत. पण मला हिशोब वेगळा दिसतो. अपवाद म्हणून एका बाईला दार उघडतात तेव्हा दार उघडलेलं नसतं. ते उघडायला आणखी सोळा वर्षं लागली.

१९३६ च्या त्या फेब्रुवारीत रोमहून आदेश निघाला की मिशनच्या देशांत माता आणि बालकांचे जीव वाचवण्यासाठी सिस्टर्सनी वैद्यकीय शिक्षण घ्यावं, बाळंतपणाचंसुद्धा, आणि त्यासाठी नवे संघ निघावेत. नुसती मनाई उठली नाही, वर 'करा' म्हणून सांगितलं. रोमला एकाएकी दया आली असं मला वाटत नाही. अर्जांना कंटाळून हे झालं असंही नाही. अकरा वर्षं त्या बायका काम करत होत्या, रुग्ण येत होते, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. करून दाखवलेल्या कामाला 'हे होणार नाही' असं म्हणणं अवघड जातं. त्यानंतरच पाटण्याचं कुर्जी, दिल्लीचं होली फॅमिली अशी हॉस्पिटलं उभी राहिली, हजारो मुली तिथे नर्सिंग शिकल्या, आणि माझ्या ट्यूटरसारखी कोट्टायमकडची एक मुलगी व्रत घेऊनही वार काढायला शिकू शकली.

आता आठ्यांकडे येते.

पहिली आठी धर्मांतराची. त्या काळच्या मिशनच्या अहवालांत मरणपंथाला लागलेल्या अर्भकांना बाप्तिस्मा दिल्याच्या नोंदी अभिमानाने येतात. आईला विचारलं का, हे त्या नोंदीत नसतं. मला ते वाचून राग येतो, तो मी गिळणार नाही. आपल्या आनंदीबाईंना अमेरिकेत शिकायला मदत करा म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिलं, तर त्याने आधी ख्रिस्ती व्हा असं सुचवलं होतं. ते प्रॉटेस्टंट, पण हिशोब तोच. आनंदीबाई हिंदूच राहून गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. मात्र यावरून सगळं काम म्हणजे जाळं, असं म्हणणाऱ्यांना मी कराचीकडे बोट दाखवते. डॉक्टर रूथ फाउ, जर्मन नन, १९६० साली हिंदुस्थानला यायला निघाली होती. व्हिसाच्या घोळात कराचीत अडकली आणि रेल्वे स्टेशनमागची कुष्ठरोग्यांची वस्ती पाहून तिथेच राहिली. सत्तावन्न वर्षं. तिने तिथल्याच मुसलमान मुलांना शिकवून कार्यकर्ते केलं, बलुचिस्तानच्या डोंगरापर्यंत पाठवलं. १९९६ साली पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा सरकारी इतमामाने, राष्ट्रध्वजात गुंडाळून तिला नेलं. तिच्याकडे बरे झालेले लोक मुसलमान होते आणि मुसलमानच राहिले.

दुसरी आठी माझी स्वतःची आहे. बाळंतपणाचं दार उघडलं, पण त्यापुढचं नाही. या रुग्णालयांत नसबंदी नाही, गर्भपात नाही, तांबी नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला तरी नाही. माझ्या ट्रेनिंगच्या काळात सहाव्या बाळंतपणाला आलेल्या एका बाईने माझा हात धरून विचारलं होतं, "पुन्हा नको, काही करता येईल का?" मी ट्यूटरकडे पाहिलं. त्यांनी तिला नैसर्गिक पद्धत समजावली. त्या बाईचा नवरा दारू पिणारा, तो कसल्या तारखा पाळणार? मी नंतर तिला हळूच सरकारी दवाखान्याचा पत्ता दिला. ट्यूटरना ते कळलं असावं, त्या काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ मी अजून लावतेय. ज्या बाईचा जीव वाचवायला तुम्ही रोमशी झगडलात, तिच्या 'पुन्हा नको'साठी का नाही? हा प्रश्न मी सोडलेला नाही, तुम्हीही सोडू नका.

आणि तिसरं, आज्ञापालनाचं. पंडिता रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्या अँग्लिकन होत्या. आज्ञा पाळ म्हटल्यावर रमाबाईंनी माझी विवेकबुद्धी माझ्याजवळ आहे असं कळवलं आणि शेवटपर्यंत ती कोणाच्या हाती दिली नाही. सिस्टर्सना मात्र ते व्रतातच द्यावं लागतं. आपल्या देशात आज लाखाच्या आसपास सिस्टर्स आहेत. त्या शाळा चालवतात, दवाखाने चालवतात, आणि त्यांचा पगार त्यांच्या हातात राहत नाही, संघाकडे जातो. अनुदानित शाळांतल्या सिस्टर्सच्या पगारातून आयकर कापावा की नाही, यावर खटला झाला. त्यात संघांचं म्हणणं होतं की व्रत घेतल्यावर चर्चच्या कायद्याने तिचा 'नागरी मृत्यू' होतो, तेव्हा पगार तिचा नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मानलं नाही, कर कापला जाईल म्हणून सांगितलं. कराचं राहू द्या. जिवंत, नोकरी करणाऱ्या बाईबद्दल 'नागरी मृत्यू' हा शब्द वकिलांनी भर कोर्टात वापरला, तो कानात राहतो.

पण या मेलेल्या बायका गप्प असतात असंही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीला हायकोर्टाजवळ पाच सिस्टर्स उपोषणाच्या मांडवात येऊन बसल्या. त्यांच्या एका सहकारी सिस्टरने एका बिशपवर बलात्काराची तक्रार केली होती आणि अटक होत नव्हती. मग अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्या बिशपना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध वर अपील केलं गेलं. निकालावर मी बोलत नाही. मी त्या मांडवाबद्दल बोलतेय. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या पाचजणी, त्याच गणवेशात, रस्त्यावर, आपल्या मैत्रिणीच्या बाजूने. आपल्यातल्या किती संघटना तिथे गेल्या आणि कितींनी 'तो त्यांचा अंतर्गत प्रश्न' म्हटलं, हे चर्चेत सांगा.

माझ्या ट्यूटरना मी काही वर्षांपूर्वी भेटायला गेले. संघाच्या वृद्ध सिस्टर्सच्या घरात होत्या, खोलीत एक खाट, एक कपाट. हात थरथरत होते. मी विचारलं, "सिस्टर, आयुष्यभर पगार एकदाही हातात घेतला नाहीत, वाईट वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "पगाराचं नाही वाटत. एक वाटतं. रोमने परवानगी दिली तेव्हा आमच्यातल्या कोणालाच कोणी विचारलं नव्हतं, बायांनो, आणखी काय हवंय?"

बोलण्यापूर्वी त्यांनी दाराकडे पाहिलं होतं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. ऐंशी उलटलेल्या बाईने.

आता चहा आलाय असं दिसतंय. चहा घेऊ, आणि मग ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी पुढे येऊन बसा.